पन्नाशीनंतरचं सॉफ्टबॉल: बेसवर धावण्याच्या नियमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात सकाळी मैदानावर येणारी आपली बहुतेक मंडळी क्रिकेट खेळून मोठी झाली. काहींनी शाळेत, कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेलं आहे, पण ते फास्ट-पिच, आणि तेव्हा गुडघे कुरकुरत नव्हते. आता आपण खेळतो ते स्लो-पिच. चेंडू खालून सुटतो, उंच कमान करून येतो आणि बऱ्यापैकी प्रत्येकाला मारता येतो. त्यामुळे खरी परीक्षा बॅट टाकल्यानंतर, बेसवर होते. वादही तिथेच होतात. बेस म्हणजे चौकोनाच्या कोपऱ्यांवरच्या जागा: होमपासून निघून पहिला, दुसरा, तिसरा करत परत होमला आलं की एक रन, आणि तीन आऊट झाले की डाव संपतो.

खाली दिलेले नियम अमेरिकेत ज्येष्ठांच्या स्लो-पिच सॉफ्टबॉलमध्ये रुळलेले आहेत. तिथेही एका संघटनेचा नियम दुसरीकडे थोडा बदलतो. असा फरक जिथे आहे तिथे तो सांगितला आहे. वाचताना एक गोष्ट मनात धरा: ज्येष्ठांसाठी वेगळा केलेला जवळजवळ प्रत्येक नियम दोन माणसांची धडक टाळण्यासाठी आहे. बेस, चेंडू, रनर आणि फिल्डर एकाच जागी एकाच क्षणी येऊ नयेत, एवढीच त्यामागची धडपड. हे लक्षात आलं की अर्धे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

चेंडू मारला, पण फिल्डरच्या हातात सरळ गेला. धावलं नाही तर चालेल का?

नाही. क्रिकेटमध्ये चेंडू खेळून जागेवर उभं राहता येतं, इथे येत नाही. चेंडू फेअर भागात, म्हणजे होमकडून पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या दोन रेषांच्या आत, पडला की तुम्ही बॅटर राहत नाही, रनर होता, आणि पहिला बेस गाठावाच लागतो. नवीन माणसाची सगळ्यात जुनी सवय हीच. तो मारतो, फिल्डरकडे बघतो, मग नॉन-स्ट्रायकरला शोधतो. नॉन-स्ट्रायकर इथे नसतो. बॅट खाली टाका आणि निघा. बॅट फेकू नका, हातातून अलगद सोडा. मागे कॅचर (आपला विकेटकीपर) आणि अंपायर उभे असतात.

चेंडू फाऊल, म्हणजे त्या रेषांच्या बाहेर, गेला तर परत या.

पहिल्या बेसला दोन रंग का असतात?

नेहमीचा बेस १५ इंच बाय १५ इंचाचा. ज्येष्ठांच्या खेळात पहिल्या जागी ३० इंच लांबीचा जोड-बेस ठेवतात. अर्धा पांढरा, फेअर भागात. अर्धा नारिंगी, फाऊल भागात. पांढरा फिल्डरचा, नारिंगी रनरचा.

कारण साधं आहे. पहिल्या बेसवर फिल्डरचं लक्ष थ्रोकडे असतं आणि पाय बेसवर. रनरचं लक्ष बेसकडे असतं आणि अंगात पूर्ण वेग. दोघांना एकच १५ इंचांची जागा दिली की टाच पायाखाली येते, घोटा मुरगळतो, खांद्याला खांदा लागतो. विशीत माणूस धूळ झटकून उठतो. साठीत त्याच धडकेनंतर चार महिने काठी घेऊन फिरावं लागू शकतं.

म्हणून पहिल्या बेसवर थ्रो येत असेल तर नारिंगी भागालाच पाय लावा. फक्त पांढऱ्याला लावलात तर काही ठिकाणी अंपायर लगेच आऊट देतो, काही ठिकाणी समोरच्या संघाने दाद मागितली तरच देतो. चेंडू लांब आउटफिल्डमध्ये गेला असेल, पहिल्या बेसवर काहीच घडत नसेल आणि तुम्हाला वळून दुसऱ्याकडे जायचं असेल, तर पांढऱ्याला पाय लावून वळा. एकदा पहिल्यावर पोहोचलात की पुढे तुमचा बेस पांढराच. नारिंगी भाग फक्त त्या पहिल्या धावेपुरता.

चेंडू नुसत्या नारिंगी भागावर पडला तर फाऊल, पांढऱ्याला लागला तर फेअर. हेही कायम विचारलं जातं.

पहिला बेस ओलांडून पुढे गेलो आणि डावीकडे वळलो. आऊट का?

डावीकडे वळल्याने कोणी आऊट होत नाही. हा गैरसमज फार जुना आहे. पहिला बेस ओलांडून कुठेही वळा, सरळ परत आलात तर सेफ. दुसऱ्या बेसकडे जाण्याचा प्रयत्न केलात, एखादं पाऊल जरी त्या इराद्याने टाकलंत, तर मात्र टॅग करून, म्हणजे हातातला चेंडू अंगाला लावून, आऊट करता येतं. शंकाच नको म्हणून उजवीकडे, फाऊल भागात वळायची सवय लावा.

दुसरा आणि तिसरा बेसही ओलांडून पुढे जाता येतं का?

नेहमीच्या सॉफ्टबॉलमध्ये नाही. तिथे बेस सुटला की टॅगचा धोका. पण मनोरंजनासाठी चालणाऱ्या ज्येष्ठांच्या अनेक लीगमध्ये दुसरा आणि तिसरा बेसही सरळ ओलांडू देतात, म्हणजे ब्रेक मारताना मांडीचा स्नायू ओढला जात नाही. पुढच्या बेसकडे वळलात की ही सूट संपते. आपल्याकडे सामना सुरू होण्याआधी हा एक मुद्दा दोन्ही कप्तानांनी मोठ्याने ठरवून घ्यावा. अर्ध्या डावात ठरवायला गेलात तर कोणाचंच समाधान होत नाही.

फोर्स आऊट कधी आणि टॅग कधी लागतो?

हा सगळ्या प्रश्नांचा राजा. हे कळलं की बाकीचं सोपं.

बेस म्हणजे एका माणसाची खुर्ची. मागून हक्काचा माणूस आला की पुढच्याला उठून पुढची खुर्ची गाठावीच लागते. बॅटरने फेअर चेंडू मारला की पहिला बेस त्याच्या हक्काचा होतो. पहिल्यावर आधीच कोणी असेल तर त्याला दुसऱ्याकडे जाणं भाग आहे. दुसऱ्यावरही कोणी असेल तर त्याला तिसऱ्याकडे. ज्याला असं ढकलून पुढे जावं लागतं त्याच्यावर फोर्स असतो. त्याला आऊट करायला अंगाला हात लावायची गरज नाही. फिल्डरने चेंडू हातात धरून त्या बेसला पाय लावला की पुरे.

मागचा बेस रिकामा असेल तर रनरवर सक्ती नाही. समजा, फक्त दुसऱ्यावर माणूस आहे आणि पहिला रिकामा. बॅटर पहिल्याकडे पळाला तरी दुसऱ्यावरचा जागेवर थांबू शकतो. तो तिसऱ्याकडे निघालाच, तर त्याला टॅग करावं लागेल, म्हणजे चेंडू हातात किंवा ग्लोव्हमध्ये धरून त्याच्या अंगाला लावावा लागेल.

आता बारीक गोष्ट. फोर्स सुटू शकतो. पहिल्यावर रनर आहे, चेंडू पहिल्या बेसच्या फिल्डरकडे जातो, तो आधी आपल्या बेसला पाय लावून बॅटरला आऊट करतो आणि मग दुसऱ्याकडे फेकतो. बॅटर गेला, म्हणजे मागून ढकलणारा राहिला नाही. दुसऱ्याकडे धावणाऱ्यावरचा फोर्स संपला, आता त्याला टॅगच करावं लागेल. दुसऱ्यावरचा फिल्डर नुसता बेसवर पाय ठेवून हात वर करतो आणि रनर आऊट समजून चालू लागतो, हे दृश्य फार वेळा दिसतं. रनरने मागे काय झालं ते ऐकायला शिकावं. पहिल्या बेसवर "आऊट" ऐकू आलं की तुम्ही मोकळे झालात, वाटल्यास मागेही फिरू शकता.

झेल उडाला तर पळायचं की थांबायचं?

क्रिकेटमध्ये चेंडू हवेत असताना आपण धावत असतो, झेल झाला की बॅट्समन परत जातो आणि गोष्ट संपते. इथे गोष्ट तिथून सुरू होते. झेल झाला तर प्रत्येक रनरला आपल्या मूळ बेसला पुन्हा पाय लावावा लागतो. तो परतायच्या आत फिल्डरने चेंडू धरून त्या बेसला पाय लावला तर रनरही आऊट. एका झेलावर दोन आऊट होतात ते असे.

पण झेलानंतर पुढे जाण्याची मुभाही आहे. मूळ बेसवर पाय ठेवून थांबा. फिल्डरच्या हाताला चेंडूचा पहिला स्पर्श झाला की निघा. झेल पक्का होईपर्यंत थांबायची गरज नाही. चेंडू ग्लोव्हवर उडाला, छातीला लागला, मग धरला, तरी तुमची घडी पहिल्या स्पर्शाला सुरू झाली. तिसऱ्या बेसवर असाल आणि चेंडू खोल आउटफिल्डमध्ये गेला असेल तर हाच रन मिळवायचा सोपा मार्ग.

व्यवहारातला सल्ला असा. दोनपेक्षा कमी आऊट असताना उंच आणि लांब चेंडू गेला तर तिसऱ्यावरच्याने बेसवरच राहावं. चेंडू जवळ पडणारा असेल तर पहिल्या-दुसऱ्यावरच्यांनी अर्ध्या वाटेपर्यंत यावं आणि बघावं: सुटला तर पुढे, धरला तर मागे. दोन आऊट झालेले असतील तर बघायचंच नाही. बॅटला चेंडू लागला की पळायचं. झेल झाला तर डाव संपलाच आहे.

इनफिल्ड फ्लाय म्हणजे काय? चेंडू पडला तरी बॅटर आऊट कसा?

पहिल्या आणि दुसऱ्यावर, किंवा तिन्ही बेसवर रनर आहेत, दोनपेक्षा कमी आऊट झालेत आणि एक सोपा उंच चेंडू इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या चौकोनाच्या आसपास, उडाला. रनर झेलाच्या भीतीने बेसवर चिकटून आहेत. फिल्डरने मुद्दाम चेंडू पाडला तर सगळ्यांवर फोर्स लागतो आणि तो आरामात दोन आऊट काढतो. ही लबाडी होऊ नये म्हणून अंपायर चेंडू हवेत असतानाच "इनफिल्ड फ्लाय" म्हणून ओरडतो. बॅटर तिथेच आऊट. फोर्स उरत नाही. रनरने बेसवर शांत उभं राहावं. पुढे जायची मनाई नाही, पण जाल ते स्वतःच्या जोखमीवर.

पिचरने चेंडू सोडल्यावर बेस सोडता येतो का?

फास्ट-पिचमध्ये चेंडू पिचरच्या हातून सुटला की निघता येतं. आपल्याकडच्या ज्या मंडळींनी शाळेच्या स्पर्धा खेळल्या आहेत त्यांच्या पायात हीच सवय असते. ज्येष्ठांच्या स्लो-पिचमध्ये चेंडू होम प्लेटपाशी पोहोचेपर्यंत किंवा बॅटला लागेपर्यंत पाय बेसवरच हवा. आधी निघालात तर आऊट. बेस चोरणं, म्हणजे चेंडू मारलेला नसताना पुढचा बेस गाठणं, तर नाहीच.

तिसऱ्या बेसनंतरची ती आडवी रेषा कशासाठी? आणि दोन होम प्लेट का?

ही कमिटमेंट लाइन. होमपासून २० फुटांवर, काही लीगमध्ये ३० फुटांवर, तिसऱ्या बेसकडून येणाऱ्या वाटेला आडवी फक्की मारलेली असते. त्या रेषेवर किंवा तिच्या पलीकडे पाय पडला की परतीची वाट बंद. आता होमलाच जायचं. मागे फिरलात तर आऊट.

त्याबरोबर दुसरी गोष्ट बदलते. रेषा ओलांडली की टॅगने आऊट मिळत नाही. कॅचरने चेंडू धरून आपल्या होम प्लेटला पाय लावायचा, बस. आणि रनरने त्या प्लेटकडे जायचंच नाही. त्याच्यासाठी वेगळी स्कोअरिंग प्लेट असते. पहिल्या बेसकडून होमपर्यंत येणारी रेषा तशीच पुढे, तिसऱ्या बेसच्या बाजूच्या फाऊल भागात वाढवली की तिच्यावर साधारण ८ फुटांवर ती ठेवतात. काही ठिकाणी प्लेटऐवजी नुसती रेषाच ओलांडायची असते. कॅचर आपल्या जागी, रनर आपल्या जागी. कॅचरच्या आधी तुमचा पाय पोहोचला तर रन. सवयीने खऱ्या होम प्लेटला पाय लावलात तर आऊट, मग कितीही आधी पोहोचलेले असा.

ज्येष्ठांच्या सॉफ्टबॉलमधला सगळ्यात शहाणा नियम हाच, असं माझं ठाम मत आहे. होमवरची धडक ही खेळातली सगळ्यात वाईट धडक असते. रनर जीव तोडून येत असतो, कॅचर मान वळवून थ्रो बघत असतो आणि दोघांपैकी एकाचं तरी शरीर त्यासाठी तयार नसतं.

पण हाच नियम अंगवळणी पडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मी अंपायर म्हणून उभा असताना असं घडताना दिसतं. रनर रेषा ओलांडून तीन-चार पावलं पुढे येतो, समोर कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू शिरताना बघतो आणि क्रिकेटच्या जुन्या इमानाने गर्रकन मागे वळतो. बाहेरून दहा जण ओरडत असतात, "काकाजी, मागे नका येऊ जी! होमकडं पळा!" तोवर पाय उलटे पडलेले असतात. तिथे पुढे पळत राहण्यात नेहमी फायदा आहे. कॅचरचा पाय प्लेटवर नसेल, चेंडू सुटेल, थ्रो वाकडा येईल. मागे फिरलात तर आऊट नक्की.

म्हणून निर्णय रेषेच्या आधी घ्या. तिसऱ्या बेसचा कोच नेमका ह्यासाठी उभा असतो. त्याचा हात बघा, चेंडू बघू नका.

स्लाइड मारू का, म्हणजे जमिनीवर घसरत बेस गाठू का?

नको. काही स्पर्धांमध्ये परवानगी असते, पण मनोरंजनाच्या खेळात बहुतेक ठिकाणी मनाईच असते आणि ती असावीच.

मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मनोरंजनासाठी खेळणाऱ्या सॉफ्टबॉलपटूंचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध केला होता. जमिनीत पक्के रोवलेले बेस आणि धक्का लागला की सुटणारे बेस यांची त्यांनी तुलना केली. जवळजवळ सारख्याच संख्येच्या सामन्यांत पक्क्या बेसवर स्लाइड करताना ४५ दुखापती झाल्या, सुटणाऱ्या बेसवर २. म्हणजे स्लाइड करताना पाय अडकतो तो बेसलाच. आपल्या मैदानांवर तर बेसखालची जमीनही साथ देत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते, पावसाळ्यात बुटाला चिकटून पाय जड करते. मऊ, चाळलेल्या मातीवर स्लाइड शिकवतात. ते मैदान आणि आपलं मैदान एक नाही.

स्लाइडला मनाई असेल तर फिल्डरनेही वाट अडवून उभं राहू नये. दोन्ही बाजूंनी पाळला तरच हा नियम खरा.

टॅग चुकवायला बाजूला किती सरकता येतं?

तीन फूट. तुमच्यापासून ज्या बेसकडे तुम्ही निघालात तिथपर्यंत एक सरळ रेषा कल्पा. टॅग चुकवण्यासाठी त्या रेषेपासून कोणत्याही बाजूला तीन फुटांपेक्षा जास्त गेलात तर आऊट. टॅगचा प्रयत्नच होत नसेल तर हवं तसं वळण घेऊन धावा, कोणी विचारत नाही.

फिल्डर माझ्या वाटेत उभा होता. चूक कोणाची?

त्याच्या हातात चेंडू होता का, किंवा तो बॅटवरून आलेला चेंडू अडवत होता का, हे आधी बघा. मारलेला चेंडू अडवणाऱ्या फिल्डरला वाट देणं रनरचं काम. त्याला धडकलात किंवा त्याच्यासमोर मुद्दाम थबकलात तर तुम्ही आऊट. उलट, चेंडू नाही आणि तो अडवतही नाही, नुसता बेससमोर खांबासारखा उभा आहे, तर चूक त्याची. अंपायर तुम्हाला तो बेस देतो, जिथपर्यंत तुम्ही अडथळ्याशिवाय पोहोचला असता.

दोन्ही बाबतींत माझं सांगणं एकच: वाद जिंकण्यासाठी धडक मारू नका. वळसा घ्या, हात वर करा, अंपायरला सांगा. बेस नंतरही मिळतो.

मारलेला चेंडू धावताना माझ्या अंगाला लागला तर?

बेसवर उभे असताना लागला आणि तुम्ही मुद्दाम काही केलं नसेल तर सेफ. बेस सोडलेला असताना, फिल्डरचा स्पर्श न झालेला फेअर चेंडू फिल्डरपर्यंत पोहोचायच्या आत लागला तर आऊट. आधी फिल्डरला लागून मग तुम्हाला लागला तर खेळ चालू.

एकाच बेसवर आम्ही दोघे उभे. आता?

जो आधी हक्काने तिथे पोहोचला त्याचा बेस. दुसऱ्याला टॅग केलं की तो आऊट. फोर्स चालू असेल तर उलटं होतं. तिथे मागच्याचा हक्क असतो, म्हणून पुढच्याला टॅग करतात. घाबरून दोघांनीही बेस सोडू नका. एक तरी वाचतो.

आणि पुढच्या रनरला ओलांडून पुढे गेलात तर तुम्ही तिथल्या तिथे आऊट. पाय चांगले असलेल्यांनी हे जपावं. आपल्या खेळात पुढे सत्तरीचा आणि मागे बावन्नचा असं रोज होतं.

बेसला पाय लागायचा राहिला, कोणी बघितलं नाही. चालेल का?

अंपायरने बघितलेलं असतं, पण तो स्वतःहून बोलत नाही. पुढचा चेंडू टाकायच्या आत समोरच्या संघाने दाद मागितली तर आऊट. लक्षात आलं तर, खेळ चालू असेपर्यंत, त्याच वाटेने उलट जाऊन पाय लावून या.

थ्रो मैदानाबाहेर गेला. किती बेस मिळतात?

दोन. थ्रो हातून सुटला त्या क्षणी तुम्ही जिथे होतात तिथून पुढचे दोन. "जात होतो तो आणि वर एक" हा हिशेब आपल्याकडे फार ऐकू येतो, तो बरोबर नाही.

दोन आऊट. मी तिसऱ्यावरून होमला पोहोचलो, मग पहिल्यावर बॅटर आऊट. माझा रन मोजणार का?

नाही. तिसरा आऊट बॅटरचाच, तो पहिल्या बेसला पोहोचायच्या आधीचा असेल किंवा कुठलाही फोर्स आऊट असेल, तर आधी पोहोचूनही रन नाही. तिसरा आऊट टॅगचा असेल तर वेळ बघतात: टॅगच्या आधी होमला पाय लागला असेल तर रन धरतात. म्हणून टॅगची शक्यता असताना होमकडे चालत येऊ नका.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मी मारतो, दुसरा पळेल, असं चालतं का?

चालतं. कर्टसी रनर म्हणतात त्याला. पण आधी तुम्हाला स्वतः पहिला बेस सुरक्षित गाठावा लागतो. मग वेळ मागून बदली रनर आणायचा. काही लीगमध्ये ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांच्यासाठी होमपाशीच बदली रनर उभा राहू देतात, पण ते आधी ठरवावं लागतं.

कोण धावू शकतो, ह्यावर सगळ्यात जास्त फरक आहे. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या मोठ्या स्पर्धांत संघातला कोणीही धावू शकतो, मात्र एका डावात एकदाच. काही लीगमध्ये शेवटचा आऊट झालेलाच धावतो. बदली रनर बेसवर असताना त्याचीच बॅटिंगची पाळी आली तर अनेक ठिकाणी त्याला बेसवर आऊट धरतात आणि तो बॅट घेऊन येतो. त्यामुळे कप्तानाने बॅटिंगच्या क्रमाची वही बघून रनर निवडावा, पायाच्या जोरावर नाही.

माझ्या मते बदली रनर मागण्यात कोणीही कमीपणा मानू नये. ओढलेल्या स्नायूवर एक डाव धावायचा हट्ट केला की पुढचा सगळा हिवाळा घरी बसावं लागतं, आणि नागपुरात खेळायचे खरे महिने हिवाळ्याचेच. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला थ्री-क्वार्टर सेंच्युरी सॉफ्टबॉल क्लब १९३० पासून पंचाहत्तरीच्या आसपासच्या आणि त्यापुढच्या माणसांना खेळवत आला आहे. त्या वयात खेळायचं तर कोणाचे पाय कधी उसने घ्यायचे, हे कळायलाच हवं.

होमरन मारला तर सगळे बेस फिरावे लागतात का?

नेहमीच्या नियमात हो. ज्येष्ठांच्या अनेक स्पर्धांत चेंडू कुंपणापलीकडे गेला की फिरायची गरज नाही, रन मोजून बसता येतं. आपल्या मोकळ्या मैदानांना कुंपण नाही, तेव्हा पळावंच लागेल.

बेसवरच्या कोचने काय बोलावं?

कमी. "थांबा", "पळा", "वळा" एवढे तीन शब्द आणि हाताची खूण. सगळ्या बाकावरून एकाच वेळी आरडाओरडा झाला की रनरला काहीच कळत नाही. विशेषतः ज्यांना एका कानाने कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी हात मोठा आणि वर दिसला पाहिजे. कोचने रनरला हात लावून ढकलू किंवा ओढू नये. त्याने रनर आऊट होतो.

उन्हाळ्यात आणि पावसात काय बदल करावेत?

मार्च उजाडला की सात वाजता सुरू करून नऊच्या आत आटपावं. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा बेसवर दोन मोठ्या धावा झाल्या की रनरला सावलीत बसवून पाणी द्या आणि त्याच्या जागी बिनधास्त बदली रनर आणा. पावसानंतर काळ्या मातीवर रबरी बेस निसटतो. बेसखाली माती ओली असेल तर त्या दिवशी बेस ओलांडून जायची सूट सगळ्या बेसना द्यावी.

मैदान आम्हीच आखतो. मापं कशी धरायची?

फास्ट-पिचमध्ये बेसमधलं अंतर ६० फूट असतं, ज्येष्ठांच्या स्लो-पिचमध्ये ६५ किंवा ७० फूट ठेवतात. आपल्या गटात वय आणि पाय बघून ६५ ठेवलेलं बरं. चौकोन तिरका होऊ नये म्हणून होमपासून दुसऱ्या बेसपर्यंतचा कर्ण आधी टेपने धरा: ६५ फुटांच्या मैदानाला ९१ फूट ११ इंच, ७० फुटांच्याला ९९ फूट. मग होमकडून आणि दुसऱ्याकडून बेसमधल्या अंतराएवढ्या दोन टेप ताणून जिथे मिळतील तिथे पहिला आणि तिसरा. नारिंगी भाग फाऊल रेषेच्या बाहेर आलाय ना, हे बघा. तिसऱ्याकडून होमला येणाऱ्या वाटेवर होमपासून २० फूट मोजून कमिटमेंट लाइनची फक्की जाड टाका. तिसऱ्या-चौथ्या डावानंतर ती पायांनी पुसली जाते, म्हणून उरलेली फक्की पिशवीत जवळच ठेवा आणि डाव बदलताना कोणीतरी ती रेषा पुन्हा मारून घ्या.